विवाह छायाचित्रण

विवाह छायाचित्रण म्हणजे विवाहविधी, त्याच्या आधीचे व नंतरचे समारंभ आणि त्यांत सहभागी होणारी माणसे यांची छायाचित्रे काढण्याची कला व व्यवसाय होय. व्यक्तिचित्रण, वृत्तछायाचित्रण, वस्तुचित्रण आणि स्थापत्यचित्रण अशा चार शाखा या कामात एकत्र येतात. वधूवरांच्या चित्रांना पहिलीचे, घडत्या विधीला दुसरीचे, रुखवत व दागिन्यांना तिसरीचे आणि वाडा, मंदिर, किनारा अशा विवाहस्थळाला चौथीचे कौशल्य लागते. या शाखेचे मुख्य वैशिष्ट्य असे की, चित्रित करावयाची घटना एकदाच घडते. अंतरपाट एकदाच दूर होतो आणि सप्तपदीचे सातवे पाऊल एकदाच पडते. त्यामुळे तांत्रिक कौशल्याइतकेच विधींचे व स्थळाचे पूर्वज्ञान छायाचित्रकाराला आवश्यक ठरते.

## इतिहास

### आरंभ

लुई दागेर यांची छायाचित्रणपद्धती १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झाली. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १८४० रोजी, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र आल्बर्ट यांचा विवाह झाला. त्या दिवशी त्यांचे एकही छायाचित्र काढले गेले नाही. या दोघांची 'लग्नातली' म्हणून पुष्कळदा दाखवली जाणारी छायाचित्रे प्रत्यक्षात रॉजर फेंटन यांनी १८५४ मध्ये काढलेली असून त्यांत दोघेही दरबारी पोशाखात आहेत.

आरंभीच्या काळात विवाहस्थळी जाऊन छायाचित्रे काढणे जवळजवळ अशक्य होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन काच धुवावी लागे. प्रकाशनाचा काळ काही सेकंदांचा असल्याने माणसांना निश्चल राहावे लागे. म्हणून विवाहानंतर सवडीने वधूवर छायाचित्रकाराच्या स्टुडिओत जात आणि रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहत. जुन्या छायाचित्रांतील गंभीर चेहऱ्यांमागे त्या काळच्या शिष्टाचाराबरोबर हे तांत्रिक कारणही होते.

विसाव्या शतकात हे बंधन क्रमाने सैल झाले. १९२५ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा लहान लायका कॅमेरा बाजारात आला आणि १९३० च्या सुमारास फ्लॅशचे बल्ब मिळू लागले. छायाचित्रकाराला घरात, चर्चमध्ये व मांडवात शिरणे त्यामुळे शक्य झाले.

### वृत्तछायाचित्रणाचा प्रभाव

अमेरिकेत टोनी फ्रिसेल या छायाचित्रकर्तीने सप्टेंबर १९५३ मध्ये न्यूपोर्ट येथे झालेल्या जॉन केनेडी व जॅकलीन बुव्हिए यांच्या विवाहाची छायाचित्रे काढली. ठरावीक ढंगाच्या चित्रांबरोबर पाहुण्यांच्या सहज हालचालीही त्यांत आहेत. पुढे डेनिस रेगी या अमेरिकन छायाचित्रकाराने विवाहाकडे वार्ताहराच्या दृष्टीने पाहण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. घटना घडवून न आणता घडेल तशी टिपावी, हे तिचे मुख्य सूत्र होते.

या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील कंबरलँड बेटावर घडले. जॉन केनेडी (धाकटे) आणि कॅरोलिन बेसेट यांचा विवाह तेथील एका लहानशा लाकडी चर्चमध्ये मोजक्या आप्तांसमवेत झाला. चर्चमध्ये वीज नव्हती. विधी सुरू होईपर्यंत सांज झाली होती आणि आत मेणबत्त्यांचाच उजेड होता. चर्चमधून बाहेर पडताना वराने चालता चालता वधूच्या हाताचे चुंबन घेतले, तो क्षण रेगी यांनी टिपला. हे चित्र जगभर प्रसिद्ध झाले. कोणी कोणाला उभे राहण्यास सांगितलेले नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य मानले जाते.

### भारत व महाराष्ट्र

मुंबईत १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे भारतीय सभासद त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र 'जनाना स्टुडिओ' उघडला. तेथे छायाचित्रे काढण्याचे काम एक इंग्रज स्त्री पाहत असे. पडदा पाळणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांना परपुरुषासमोर न येता आपले चित्र काढून घेण्याची सोय त्यामुळे झाली.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांत दीर्घकाळ विवाहाचे एकच छायाचित्र काढले जाई. वर खुर्चीवर बसलेला, वधू शेजारी उभी आणि मागे रंगवलेला कमानीचा पडदा, असा त्याचा साचा असे. काही स्टुडिओ कृष्णधवल प्रतीवर हाताने रंग भरून शालूचे काठ व दागिने उठावदार करून देत. फिल्मच्या काळात एका रोलवर छत्तीस, तर मोठ्या चौरस फिल्मवर बारा चित्रे निघत. त्यामुळे कोणत्या विधीला किती चित्रे खर्च करायची, याचा हिशेब आधीच करावा लागे. १९७० नंतरच्या दोन दशकांत रंगीत छायाचित्रे रूढ झाली आणि त्यापाठोपाठ व्हिडिओ चित्रण आले.

१९९९ मध्ये निकॉनचा 'डी वन' हा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा आला. २००८ मध्ये आलेल्या कॅननच्या 'फाइव्ह डी मार्क टू' या कॅमेऱ्याने स्थिरचित्रे व उच्च दर्जाचे चलच्चित्रण एकाच यंत्रात आणले. चित्रांच्या संख्येवरील मर्यादा सुटली, तशी निवडीची जबाबदारी वाढली. एका विवाहात हजारो चित्रे निघू लागली आणि त्यांतून अल्बमपुरती वेचणे हे स्वतंत्र काम बनले. २०२० मध्ये कोविड साथीच्या निर्बंधांमुळे विवाहाला पन्नासच माणसांची मुभा होती. तेव्हा गावी वा परदेशी असलेल्या नातेवाइकांसाठी विवाहाचे थेट प्रक्षेपण करणे, हा या व्यवसायाचा एक भाग झाला.

## विधी आणि क्षण

विवाहाचे विधी समाजागणिक भिन्न असल्याने प्रत्येक ठिकाणी छायाचित्रकाराची पूर्वतयारी वेगळी असते.

महाराष्ट्रातील पारंपरिक हिंदू विवाहात सर्वांत महत्त्वाचा क्षण अंतरपाट दूर होण्याचा होय. मंगलाष्टके चालू असताना वधूवर समोरासमोर, परंतु मधल्या पडद्यामुळे एकमेकांना अदृश्य असतात. एकाच जागेवरून दोघांचे चेहरे समोरून टिपता येत नाहीत, म्हणून पुष्कळदा दोन छायाचित्रकार दोन बाजूंना उभे राहतात. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. प्रत्येक अष्टकाचे चार चरण आणि शेवटी 'सावधान' हा इशारा, अशी त्यांची रचना असते. जो छायाचित्रकार ही चाल कानाने ओळखतो, त्याला पडदा केव्हा सरणार हे काही सेकंद आधी कळते. वृत्ताशी अपरिचित असलेला मात्र अनेकदा अक्षतांच्या वर्षावात चुकीच्या जागी सापडतो.

याखेरीज पुढील प्रसंग विशेष टिपले जातात :

- गौरीहर : पिवळी अष्टपुत्री नेसलेली वधू मांडवात येण्यापूर्वी गौरीहरापाशी पूजा करीत बसते. दिवसभरातील ही बहुधा सर्वांत शांत वेळ असते.
- मामाने वधूला आणणे : गर्दीतून मार्ग काढीत येणाऱ्या मामा व भाचीसाठी आधीच जागा धरावी लागते.
- लाजाहोम व कानपिळी : वधूचा भाऊ वराचा कान पिळतो, तेव्हा मांडवात हशा पिकतो. येथे वराच्या चेहऱ्याइतकेच भोवतालच्या प्रेक्षकांचे चेहरे महत्त्वाचे असतात.
- सूनमुख : सासू आरशात सुनेचे मुख पाहते. आरशातील प्रतिबिंब स्पष्ट हवे असल्यास आरशाच्या चौकटीवर नव्हे, तर प्रतिबिंबावर केंद्रीकरण करावे लागते.
- झाल : पेटत्या दिव्यांची वेळूची पाटी वराकडील मंडळींच्या मस्तकी धरली जाते. दिव्यांच्या प्रकाशातच हे चित्र खुलते. फ्लॅशने दिव्यांचे तेज नाहीसे होते.
- गृहप्रवेश : उंबऱ्यावरील माप वधू उजव्या पायाने लवंडते. जमिनीलगत बसूनच हे चित्र नीट मिळते.

बौद्ध विवाहात पांढरी वस्त्रे, बुद्ध व डॉ. आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढील पूजा आणि त्रिसरण-पंचशीलाचे ग्रहण ही मुख्य अंगे आहेत. पांढऱ्या वस्त्रांचा पोत टिकवून चेहऱ्यांचा वर्ण खरा राखणे, ही तेथील तांत्रिक कसोटी असते. गोव्यातील ख्रिस्ती विवाहाच्या आदल्या दिवशी 'रोस' हा विधी होतो. वधूला व वराला आपापल्या घरी नारळाचा रस चोळून न्हाऊ घातले जाते. हास्यविनोदात रस चहूकडे उडत असल्याने कॅमेऱ्याला आच्छादन घालावे लागते. मुस्लिम विवाहात अनेक कुटुंबांत स्त्रिया व पुरुष स्वतंत्र बसतात. अशा वेळी स्त्रियांच्या बाजूस छायाचित्रकर्तीची योजना करतात.

पारशी विवाहातही वधूवरांमध्ये वस्त्राचा पडदा धरला जातो आणि तो दूर होताच दोघे एकमेकांवर तांदूळ टाकतात. जो आधी टाकेल त्याचे वर्चस्व राहील, अशी थट्टेची समजूत असल्याने हा क्षण अतिशय चपळ व आनंदी असतो. विवाह अग्यारीत असल्यास पारशी नसलेल्या छायाचित्रकाराला आत प्रवेश नसतो. मुंबईतील बागांमध्ये होणाऱ्या विवाहांत ही अडचण येत नाही.

## विवाहस्थळे

विवाहस्थळ हे छायाचित्रणाची केवळ पार्श्वभूमी नसते. प्रकाश कोठून येणार, माणसे कोठे उभी राहणार आणि साहित्य कसे पोहोचणार, हे सारे स्थळच ठरवते.

### वाडा

जुन्या मराठी वाड्याचा चौक वरून उघडा आणि चहूबाजूंनी ओसरीने वेढलेला असतो. दुपारी चौकात थेट ऊन पडते, तेव्हा डोळ्यांखाली गडद छाया येते. ओसरीच्या कडेला मात्र चौकातून परावर्तित झालेला मृदू प्रकाश मिळतो. म्हणून व्यक्तिचित्रांसाठी वधूवरांना ओसरीत चौकाकडे तोंड करून उभे करतात. लाकडी खांबांची रांग चित्राला खोली देते. माडीच्या सज्जातून खालच्या पंगतीचे वा मांडवाचे संपूर्ण दृश्य मिळते.

### मंदिर

कोकणातील व गोव्यातील अनेक मंदिरांच्या आवारात विवाह होतात. गोव्यात मंदिराला लागून असलेल्या अग्रशाळांचा त्यासाठी उपयोग होतो. बहुतेक ठिकाणी गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई असते आणि सभामंडपासाठी त्या त्या देवस्थानाचे नियम असतात. सभामंडप अंधारा व प्रांगण लख्ख असल्याने दोहोंच्या प्रकाशात मोठी तफावत पडते. एकाच चित्रात दोन्ही भाग दाखवण्याचा हट्ट सोडून चेहऱ्यांनुसार प्रकाशन ठेवणे श्रेयस्कर ठरते. दीपमाळ लावली जाणार असल्यास अंधार पूर्ण होण्यापूर्वीची पंधरा-वीस मिनिटे सर्वोत्तम असतात, कारण तेव्हा आकाशाचा निळा रंग व दिव्यांचा पिवळा प्रकाश समतोल असतात.

### समुद्रकिनारा

किनाऱ्यावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक मुहूर्ताइतकेच महत्त्वाचे असते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आठवड्यापूर्वी पाहिलेली वाळूची पुळण विवाहाच्या वेळी पाण्याखाली असू शकते. खारा वारा व वाळू यांमुळे उघड्यावर भिंग बदलणे टाळतात आणि दोन कॅमेऱ्यांना दोन वेगवेगळी भिंगे लावून ठेवतात.

गोव्यातील मोरजी, आगोंद व गालजीबाग तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहेत. अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने जातात. किनाऱ्यावर प्रखर दिवे असल्यास ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. विवाहांचा हंगाम व विणीचा हंगाम हिवाळ्यात व वसंतात एकत्र येतात. त्यामुळे अशा ठिकाणी रात्रीचे प्रकाशझोत ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही.

### किल्ले व संरक्षित स्मारके

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू आहे. त्याखालील १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात लेखी परवानगीशिवाय स्वागतसमारंभ वा मेजवानी घेता येत नाही. व्यावसायिक चित्रीकरणासाठीही स्वतंत्र परवाना लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील काही किल्ले हॉटेल व विवाहसमारंभांसाठी भाडेतत्त्वावर देण्याच्या प्रस्तावाची वार्ता येताच राज्यभर तीव्र विरोध झाला. शिवछत्रपतींच्या इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. एखादे स्थळ चित्रात सुंदर दिसते एवढ्यावरून ते समारंभास योग्य ठरत नाही, हा या वादाचा गाभा होता.

### डोंगरमाथे व पठारे

माथेरान येथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. विवाहासाठीचे साहित्य घोडे, हमाल वा हातगाड्यांवरून न्यावे लागते. म्हणून छायाचित्रकार जड दिवे व स्टँड टाळून मोजक्या साधनांवर भिस्त ठेवतात.

साताऱ्याजवळील कास पठार हे २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे. तेथील फुलांचा बहर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात असतो. हा काळ चातुर्मासाचा असल्याने पारंपरिक विवाहमुहूर्त नसतात. आषाढी एकादशीला थांबलेले मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, तोपर्यंत फुले ओसरलेली असतात. त्यामुळे फुलांतील चित्रे विवाहाची नसून विवाहपूर्व चित्रणाची असतात. खडकावरील मातीचा थर पातळ असल्याने फुलांत बसून वा चालून काढलेल्या एका चित्रासाठीही तेथील वनस्पतींची हानी होते.

### राजवाडे

राजस्थानातील उदयपूर व जोधपूर येथील राजवाडे दूरगावच्या विवाहांसाठी प्रसिद्ध आहेत. उदयपूरच्या पिछोला सरोवरातील जगमंदिर व लेक पॅलेस येथे नावेनेच जाता येते. विसरलेली वस्तू आणण्यास किनाऱ्यावर परत जाणे वेळखाऊ असल्याने प्रत्येक साधनाची जोडी बरोबर ठेवण्याचा प्रघात आहे.

## तंत्र

### प्रकाश

सूर्यास्तापूर्वीच्या सुमारे तासाभराच्या सोनेरी प्रकाशाला छायाचित्रकार विशेष महत्त्व देतात. मराठी समाजात गाई रानातून परतण्याच्या वेळेचा 'गोरज मुहूर्त' पूर्वापार शुभ मानला जातो. तोही याच सुमारास येतो. तिरपा, मृदू प्रकाश व दीर्घ छाया यांमुळे गोरज मुहूर्तावरील विवाह उघड्यावर असल्यास कृत्रिम प्रकाशाची गरज फारशी पडत नाही. मात्र हा प्रकाश झपाट्याने उतरतो, म्हणून समूहचित्रे आधी उरकावी लागतात.

मंगल कार्यालयांत परिस्थिती उलट असते. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्याने पुष्कळ ट्यूबलाइट व एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, परंतु झडपेचा वेग जास्त ठेवल्यास चित्रात आडवे काळपट पट्टे उमटतात. वेग १/५० वा १/१०० सेकंद ठेवल्यास पट्टे टळतात. पण हवेतील अक्षता स्थिर दिसण्यासाठी सुमारे १/५०० सेकंद वेग लागतो. या पेचातून मार्ग काढण्यासाठी अल्पकाळ चमकणाऱ्या फ्लॅशचा उपयोग करतात.

प्रकाशस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे कॅमेऱ्यावरील फ्लॅशने वधूवर पांढरेफटक आणि मागची मंडळी काळोखात, असे चित्र येते. फ्लॅश छताकडे वा भिंतीकडे वळवणे, आयएसओ वाढवणे आणि झडप किंचित मंद ठेवणे हे त्यावरील उपाय होत. होमाचा धूर असताना समोरून टाकलेला फ्लॅश धुरावर पसरून पांढरा पडदा तयार करतो. तोच प्रकाश बाजूने वा मागून आल्यास धुराची वलये उठून दिसतात.

### वर्ण

हळदीच्या समारंभात पिवळी वस्त्रे, फुले व हळद यांचे परावर्तन चेहऱ्यांवर पडते. कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगसमतोल यंत्रणा हा पिवळेपणा दोष समजून निळसर छटा मिसळते. म्हणून राखी रंगाच्या कार्डावर समतोल निश्चित करून ठेवतात.

त्वचेच्या वर्णाचा प्रश्न अधिक खोल आहे. रंगीत छपाई तपासण्यासाठी कोडॅक कंपनीने प्रचारात आणलेल्या 'शर्ली कार्ड'वर दीर्घकाळ गौरवर्णीय स्त्रियांचीच चित्रे असत आणि सावळ्या वर्णाच्या छटा छपाईत नीट उतरत नसत. आजची साधने या दृष्टीने सुधारली आहेत. तरीही संपादनात वधूचा वर्ण उजळ करण्याची प्रथा चालू आहे. परिणामी आईवडिलांच्या शेजारी उभी असलेली मुलगी त्यांची वाटेनाशी होते. म्हणून अनेक छायाचित्रकार आता मूळ वर्ण राखण्याबाबत कुटुंबाशी आधीच बोलून घेतात.

### आनंदाचे चित्रण

'हसा' म्हटल्यावर येणारे हास्य ओठांपुरते राहते. स्वाभाविक हास्यात गाल वर चढतात आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतात. असे हास्य मिळवण्यासाठी छायाचित्रकार सूचना देण्याऐवजी संधी ओळखतात. उखाणा आठवताना अडखळलेली वधू, चपला लपवणाऱ्या मेहुण्या, घास भरवताना वराची होणारी फजिती आणि कोणी पाहत नाही असे समजून डोळे टिपणारे वडील, ही अशी स्थाने आहेत. लांब पल्ल्याचे भिंग दुरून वापरल्यास माणसे सावध होत नाहीत. रुंद कोनाचे भिंग जवळून वापरल्यास गर्दीचा उत्साह येतो, पण त्यासाठी आधी मंडळींचा विश्वास मिळवावा लागतो.

समूहचित्रे पुष्कळांना रुक्ष वाटतात. तथापि वर्षांनी सर्वाधिक शोधली जातात ती हीच. मागच्या रांगेतील चेहरेही स्पष्ट यावेत म्हणून छिद्रमान एफ ८ च्या आसपास ठेवतात. नातेवाइकांची यादी आधी करून दोन्ही पक्षांकडील एकेक माहितगार व्यक्ती सोबत घेण्याची पद्धत उपयुक्त ठरते. वृद्ध मंडळींची चित्रे ती थकण्यापूर्वी, सर्वप्रथम घेतली जातात.

## कायदेशीर बाजू

१९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे लेखी करारात वेगळे ठरले नसेल, तर विवाहाच्या चित्रांचे स्वामित्व कुटुंबाकडे जाते. छायाचित्रकाराला ती जाहिरातीसाठी वापरावयाची असल्यास तसे करारात नमूद करणे दोघांच्याही हिताचे असते.

ड्रोनच्या वापरास ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेले ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपेक्षा अधिक वजनाचा ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते. विमानतळ व लष्करी ठाण्यांच्या परिसरात उड्डाणावर कडक निर्बंध आहेत. मुंबई व गोव्यातील अनेक विवाहस्थळे अशा क्षेत्रांच्या जवळ असल्याने आधी नकाशा पाहणे आवश्यक असते.

विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिकेबरोबर विवाहाचे छायाचित्रही पुरावा म्हणून सादर केले जाते. त्यामुळे वधूवर व विधी दोन्ही स्पष्ट दिसणारे किमान एक साधे चित्र असणे व्यवहारदृष्ट्याही गरजेचे ठरते.

## आक्षेप

विवाह छायाचित्रणावरील प्रमुख आक्षेप असा की, ते विधीची नोंद करता करता विधीचे संचालन करू लागते. छायाचित्रकारांची रांग व्यासपीठापुढे उभी राहिल्याने आमंत्रितांना विवाह पडद्यावरच पाहावा लागतो. चित्र चुकल्यास माळ पुन्हा घालण्यास सांगितले जाते. पुरोहित मंत्र थांबवून 'इकडे बघा' ही सूचना संपण्याची वाट पाहतात. याउलट व्यावसायिकांचे म्हणणे असे की, चित्र राहून गेल्यास दोष त्यांच्यावरच येतो आणि कुटुंबाने आधी वेळ दिल्यास असे प्रसंग टळतात. पुरोहित व छायाचित्रकार यांची विवाहापूर्वी भेट घडवणे, हा यावरील साधा व परिणामकारक उपाय मानला जातो.

विवाहपूर्व चित्रणाचा वाढता खर्च हाही वादाचा विषय आहे. काही ज्ञातिसंस्थांनी त्याविरुद्ध ठराव केले आहेत. अशा खर्चाचा भार बहुधा वधूपक्षावर पडतो, हा त्यामागील एक युक्तिवाद आहे.

## सामाजिक महत्त्व

मागील पिढ्यांतील अनेक स्त्रियांचे विवाहाचे छायाचित्र हेच आयुष्यातील पहिले, आणि कधीकधी एकमेव, छायाचित्र असे. पुढे तेच कापून, मोठे करून भिंतीवर हार घालून लावले जाई. समाजेतिहासाच्या अभ्यासकांना अशा चित्रांतून वेशभूषा, दागिने, घरांची रचना आणि कुटुंबातील मानपान यांची माहिती मिळते.

चित्रात कोण नाही, हेही तितकेच बोलके असते. विधवा स्त्रियांना मंगलकार्यातून दूर ठेवण्याच्या रूढीमुळे वधूची आजी वा आत्या घरात असूनही जुन्या अल्बमात सहसा सापडत नाही. अलीकडे अनेक कुटुंबांनी ही रूढी सोडली असून आजीसह चार पिढ्यांचे चित्र मुद्दाम काढले जाते. स्वयंपाकघरात राबणारी मंडळी, आचारी, सनई-चौघडावाले व मांडव घालणारे यांची चित्रे घेण्याकडेही काही छायाचित्रकारांचा कल दिसतो.

## जतन

चांगल्या रीतीने धुतलेली कृष्णधवल चित्रे अनेक दशके टिकतात. त्यामानाने १९७०–८० च्या दशकांतील रंगीत प्रती लवकर तांबूस पडलेल्या आढळतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये सारख्या गतीने विटत नाहीत. चिकट पानांवर पारदर्शक आवरण असलेले त्या काळचे अल्बम विशेष हानिकारक ठरले. त्यांतील गोंद कालांतराने चित्राच्या पाठीशी एकजीव होतो. अशी चित्रे ओढून न काढता पानासकट स्कॅन करणे सुरक्षित असते. व्हिडिओ कॅसेटवरील चुंबकीय थर झिजत असल्याने आणि त्या चालवणारी यंत्रे दुर्मिळ होत असल्याने त्यांचे डिजिटल रूपांतर लवकर करणे इष्ट ठरते.

डिजिटल चित्रे विटत नाहीत, परंतु एका क्षणात समूळ नाहीशी होऊ शकतात. म्हणून चित्रांच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर ठेवावी, असा नियम सांगितला जातो. विवाहाच्या वेळी दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद करणारे कॅमेरे याच कारणासाठी वापरतात. निवडक चित्रे कागदावर छापून त्यांच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव व व्यक्तींची नावे लिहिणे ही सर्वांत जुनी व स्वस्त पद्धत आजही उपयोगी आहे. नावे सांगणारी माणसे गेल्यानंतर सुस्थितीतील चित्रही ओळख हरवून बसते.